आधी रक्तदाब, मग कागद

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीलगत, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी गरोदर स्त्रियांची तपासणी करणारे एक लहानसे केंद्र चालते. २०२५ च्या ऑगस्टपासून डिसेंबर संपेपर्यंत मी तेथे अकरा वेळा गेले. मी रुग्ण म्हणून गेले नव्हते, सोबतीला म्हणून गेले होते, आणि कदाचित त्यामुळेच बाकावर बसून सगळे नीट पाहता आले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. तेथे येणाऱ्या बायका ज्या भरवशावर पाऊल टाकतात तो भरवसा इतकाच आहे की आपण येथे येतो हे कोणाच्या यादीत जात नाही. माझ्या कौतुकामुळे त्या भरवशाला धक्का लागू नये असे वाटते. ज्यांना गरज आहे त्यांना त्या भागातल्या वीटभट्टीवरची किंवा बांधकामावरची कोणतीही बाई पत्ता सांगेल.

आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मे महिन्यात इमारतीचे काम सुरू झाले आणि पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातून आलेले एक जोडपे तेथेच पत्र्याच्या खोलीत राहू लागले. नवरा गवंडी होता आणि बायको विटा व वाळू वाहत होती. ती पाण्यासाठी आमच्याकडे येई आणि मला काकी म्हणे. तिला सहावा महिना लागला आहे हे मला तिने नव्हे, तिच्या चालण्याने सांगितले. तोवर तिची एकही तपासणी झालेली नव्हती. तिच्याकडे आधार कार्ड होते, मतदार ओळखपत्र होते, परंतु एकावर तिचे नाव एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने छापलेले होते. त्या दिवसांत बांगला बोलणाऱ्या मजुरांची, बांगलादेशी असल्याच्या संशयावरून, कागदपत्रे तपासली जात असल्याच्या, काहींना ताब्यात घेतल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून येत होत्या. नवऱ्याने तिला बजावून ठेवले होते की दवाखान्यात तोंड उघडायचे नाही, कारण बोलीवरून ओळखतील.

तरीही मी तिला प्रथम शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात घेऊन गेले, ही माझी चूक झाली. खिडकीवरच्या कारकुनाने दोन्ही कार्डे उलटसुलट केली, नावातला फरक बोटाने दाखवला, नवऱ्याचे कार्ड मागितले आणि रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले की ही नक्की आपल्याकडचीच आहे ना. तिला मराठी फारसे कळत नव्हते, पण तो प्रश्न कळला. मी वळून पाहिले तेव्हा ती दाराबाहेर पडली होती. पुढचे तीन आठवडे ती आमच्याकडे पाणी भरायलाही आली नाही.

या पार्श्वभूमीवर त्या शेडमधला पहिला दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दारात टेबल आहे, टेबलाशी एक सेवानिवृत्त परिचारिका बसतात, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी नाव विचारण्यापूर्वी तिला बसायला सांगितले, पाणी दिले आणि दहा मिनिटे काहीही केले नाही. मग रक्तदाब मोजला. तो १४४ वर ९२ भरला. बाईंनी आकडा लिहिला नाही. डाव्या कुशीवर झोपवले, पाळी कधी चुकली, पोटात बाळ फिरते का, पायांवर सूज येते का, डोके दुखते का, डोळ्यांपुढे चमकते का, अशी विचारपूस तोडक्यामोडक्या हिंदीत केली आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजला. या वेळी तो १२८ वर ८२ होता. हा आकडा त्यांनी कार्डावर नोंदवला, आणि कडेला पहिलाही बारीक अक्षरात लिहिला. गरोदरपणात १४० वर ९० ही सावध होण्याची रेषा मानतात. दारात पाऊल टाकताना ती रेषा ओलांडणारी बाई अर्ध्या तासात खाली येते, तेव्हा भीती ही केवळ मनाची गोष्ट राहत नाही, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी पाहायला मिळाले.

त्यानंतर वजन, टेपने पोटाची उंची, डॉप्लर यंत्रावर बाळाचे ठोके, लघवीतल्या प्रथिनांची पट्टी आणि बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन अशा तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. गरोदर स्त्रीचे ते ११ च्या खाली जाऊ नये अशी अपेक्षा असते. धनुर्वात व घटसर्पाची लस, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, जंताची गोळी हे सगळे त्याच फेरीत मिळाले. केसपेपरचे १० रुपये घेतले, बाकी काही नाही. नाव, वय, गाव आणि फोन हे सर्वांत शेवटी विचारले, तेही तिने जसे सांगितले तसेच लिहून घेतले, कार्ड न मागता. कागदांचा विषय दुसऱ्या फेरीत निघाला, आणि तोही अशा रीतीने की शासकीय मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये हवे असतील तर आधार आणि बँक खाते लागेल, नावातली चूक कोठे दुरुस्त होते ते आम्ही सांगू, नको असेल तर तपासणी अशीच चालू राहील. या केंद्राबद्दल मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा प्रश्नांच्या या क्रमात आहे. कागद विचारूच नयेत असे मी म्हणत नाही. कागद कितव्या नंबरावर विचारला जातो यावर बाई पुन्हा येते की नाही हे ठरते, आणि ती पुन्हा येते की नाही यावर बाळाचे वजन ठरते.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. अमेरिकेत याचा हिशेब पुष्कळ बारकाईने मांडला गेला आहे. आयोवा राज्यात पोस्टविल नावाचे सव्वादोन हजार वस्तीचे गाव आहे. तेथील मांसप्रक्रिया कारखान्यावर १२ मे २००८ रोजी स्थलांतर खात्याच्या सुमारे ९०० जणांनी छापा घातला आणि ३८९ कामगारांना अटक केली. पुढे संशोधकांनी संपूर्ण आयोवा राज्यातल्या जन्मनोंदी घेतल्या, छाप्यानंतरच्या ३७ आठवड्यांतली बाळे आणि आदल्या वर्षीच्या त्याच ३७ आठवड्यांतली बाळे यांची तुलना केली. लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांच्या पोटी अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका २४ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर गोऱ्या मातांमध्ये तशी वाढ नव्हती. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब अशी वाटते की ही वाढ परदेशातून आलेल्या मातांप्रमाणेच अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे हक्काच्या नागरिक असलेल्या मातांमध्येही आढळली. छापा एका गावात पडला होता, पण ज्यांची चेहरेपट्टी आणि आडनावे पकडल्या गेलेल्यांसारखी होती त्या राज्यभरच्या बायकांच्या गर्भांपर्यंत तो पोहोचला.

ॲरिझोना राज्याची कथा आणखी बोलकी आहे. तेथे २०१० च्या एप्रिलमध्ये पोलिसांना संशयावरून लोकांचे स्थलांतराचे कागद तपासायला लावणारा कायदा झाला, आणि त्याची मुख्य कलमे जुलैतच न्यायालयाने थांबवली. तरीही त्या काळात पोटात असलेल्या, स्थलांतरित लॅटिन मातांच्या बाळांची वजने घटली, आणि अभ्यासकांनी तपासले तेव्हा ही घट कायद्याच्या अंमलबजावणीशी नव्हे, तर कायद्यावर सही होण्याशी जोडलेली निघाली. स्थलांतरितांवर कडक कारवाईच्या घोषणांनी गाजलेल्या, अमेरिकेतल्या नोव्हेंबर २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या नऊ महिन्यांत लॅटिन मातांच्या मुदतपूर्व प्रसूती अपेक्षेपेक्षा ३.२ ते ३.६ टक्क्यांनी अधिक झाल्याचेही नोंदले गेले आहे. म्हणजे दारावर कोणी यावेच लागते असे नाही. कोणी येईल या विचाराने रात्र काढणे पुरते.

हे कसे घडते ते मोठ्या बाईंनी मला एका गुरुवारी गर्दी ओसरल्यावर समजावून सांगितले. सतत धास्तावलेल्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, वारेतूनही अशीच संप्रेरके स्रवतात, आणि कळा वेळेआधी सुरू होण्याची शक्यता वाढते. ही झाली शरीराच्या आतली बाजू. बाहेरची बाजू अधिक साधी आहे, की बाई तपासणी चुकवते, रक्तक्षय आणि रक्तदाब वेळेत सापडत नाहीत, नवऱ्याने काम सोडले किंवा तो पकडला गेला तर ताटातले कमी होते, आणि ताटातले कमी झाले की आधी तिचे कमी होते. बाळंतपणानंतरही हे थांबत नाही. दूध तयार होणे आणि दूध उतरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि घाबरलेल्या आईला दूध असूनही पान्हा फुटत नाही, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

या विषयाकडे मी इतक्या लक्षाने का पाहते याचे कारण घरातले आहे. माझी मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहतात. तिची तारीख २०२५ च्या मार्च महिन्याच्या मध्यावर होती. २० जानेवारीला नव्या अध्यक्षांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर तीस दिवसांनंतर जन्मलेल्या बाळाला जन्माने नागरिकत्व मिळणार नाही. त्याच आठवड्यात भारतीय जोडपी १९ फेब्रुवारीच्या आत सिझेरियन करून मिळेल का अशी डॉक्टरांकडे चौकशी करत असल्याच्या बातम्या आल्या. माझ्या मुलीनेही ती केली. रात्री अडीच वाजता तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "आई, महिनाभर आधी काढून घेतलं तर बाळाला काही होतं का गं?" कायद्याने राहणारी, शिकलेली, विमा असलेली माझी मुलगी स्वतःच्या बाळाला पोटात चार आठवडे कमी ठेवण्याचा विचार करत होती. तिच्या डॉक्टरांनी ठाम नकार दिला. श्वासाचा त्रास, कावीळ, रक्तातली साखर घसरणे, दूध ओढता न येणे, हे सगळे त्यांनी एकेक करून सांगितले. २३ जानेवारीला सिॲटलच्या न्यायाधीशांनी तो आदेश तूर्त रोखला आणि नातू त्याच्या वेळेनेच जन्मला. परंतु त्या तीन दिवसांत तिच्या पोटात काय चालले असेल, हे मला अजूनही सलत राहते.

बाळंतपणासाठी मी तेथे गेले होते. दाखल होतानाच्या अर्जावर नागरिकत्वाविषयीचा प्रश्न होता आणि त्याखाली लिहिले होते की उत्तराचा उपचारांवर परिणाम होणार नाही. फ्लोरिडात २०२३ पासून आणि टेक्सासमध्ये नोव्हेंबर २०२४ पासून अनेक रुग्णालयांना हा प्रश्न विचारणे बंधनकारक आहे, रुग्णाने उत्तर दिलेच पाहिजे असे मात्र नाही. रुग्णालये, शाळा, प्रार्थनास्थळे येथे अटक टाळण्याचे स्थलांतर खात्याचे जुने धोरणही जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतले गेले होते. माझ्या मुलीच्या पर्समध्ये सर्व कागद होते, कळा चार मिनिटांवर आल्या होत्या, आणि तरी त्या ओळीपाशी तिचा हात थांबला. वेदनेत असलेल्या बाईने वाचायची ती खालची ओळ कितीही चांगल्या हेतूने लिहिलेली असली, तरी वरचा प्रश्न आधी वाचला जातो.

देशाला सीमा असते, कोण कोठे राहतो याची नोंद ठेवणे हे सरकारचे काम आहे, यावर माझा आक्षेप नाही आणि हा लेख त्या वादासाठीही नाही. माझा आग्रह जागेपुरता आहे. ते काम प्रसूतिगृहाच्या खिडकीवर होऊ नये, कारण तेथे चौकशी आईची होते आणि परिणाम जो अजून जन्मलाही नाही त्याच्यावर होतो.

आता केंद्राच्या उणिवा, कारण त्या आहेत आणि काही गंभीर आहेत. वेळ सकाळी नऊ ते एक एवढीच आहे. बांधकामावरच्या बाईसाठी गुरुवार म्हणजे बुडालेली हजेरी, आणि रविवारी इतकी गर्दी होते की दोन-अडीच तास बसावे लागते. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांतल्या बायकांना मुकादमाकडून खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, त्यामुळे नोव्हेंबरनंतर त्या दिसेनाशा झाल्या, वास्तविक त्यांची गरज इतरांइतकीच मोठी आहे. संध्याकाळी दोन तास केंद्र उघडे ठेवले तर हा प्रश्न बराच सुटेल, आणि मी हे त्यांना तोंडावरही सांगितले आहे. स्वच्छतागृह एकच असून त्याच्या दाराची कडी नीट लागत नाही. लघवीचा नमुना द्यायला आलेल्या गरोदर बाईला दुसरीला दाराशी उभे करावे लागावे, हे चांगले नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कार्यकर्त्या तेथे आहेत, सोलापुरात हे स्वाभाविकच आहे, पण बांगला किंवा ओडिया समजणारे कोणीच नाही.

सोनोग्राफीचे यंत्र केंद्रात नाही. बाहेरच्या केंद्रात कायद्याने अर्ज भरावा लागतो, तेथे ओळखपत्र मागतात, आणि पुन्हा तीच खिडकी समोर येते. यावर केंद्राने काढलेला मार्ग मला आवडला. एक कार्यकर्ती प्रत्येक बाईबरोबर स्वतः जाते आणि खिडकीवरचे बोलणे ती करते. आमच्या बाईच्या वेळी नावातल्या फरकाचे स्पष्टीकरण तिनेच शांतपणे दिले आणि काम पाच मिनिटांत झाले. मात्र अशी कार्यकर्ती एकटीच आहे, ती रजेवर असेल त्या आठवड्यात सोनोग्राफ्या पुढे ढकलल्या जातात.

मानसिक स्थितीची विचारपूस फारच त्रोटक होते. झोप लागते का, एवढा एक प्रश्न विचारतात. ज्या बाईने हो म्हटले तिच्याबाबत पुढे जात नाहीत, आणि आमची बाई दर वेळी हो म्हणत असे, जरी रात्री दोन वाजता तिच्या खोलीतला दिवा मला आमच्या गच्चीवरून दिसत असे. येथे केंद्राने अधिक वेळ द्यायला हवा.

हिमोग्लोबिनसाठी तिला सिव्हिलमध्ये पाठवून शिरेतून लोह दिले गेले आणि नवव्या महिन्यात ते १० पर्यंत आले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेथेच तिची नैसर्गिक प्रसूती झाली. केंद्राचे कार्ड हातात असल्यामुळे दाखल करून घेताना आधीचे सगळे आकडे डॉक्टरांपुढे तयार होते. मुलगी झाली, २ किलो ४२० ग्रॅमची. अडीच किलोच्या रेषेखाली, थोडक्यात. सहाव्या महिन्याऐवजी तिसऱ्या महिन्यात तपासणी सुरू झाली असती, त्या खाजगी रुग्णालयाच्या खिडकीनंतरचे तीन आठवडे वाया गेले नसते, तर ते ८० ग्रॅम भरून निघाले असते का, हे कोणी सांगू शकणार नाही. मी मात्र ते मनातून काढू शकलेले नाही.

प्रसूतीनंतरची सेवा ही या केंद्राची सर्वांत भक्कम बाजू आहे. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई स्वतः पत्र्याच्या खोलीत आल्या. बाळाला उघडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, वरून सोलापुरी टॉवेलने दोघींना एकत्र बांधायचे, असे त्यांनी करून दाखवले. कमी वजनाच्या बाळाला ऊब देण्याची ही कांगारू पद्धत आता सर्वत्र शिकवली जाते, परंतु ती करायला आईला निवांतपणा लागतो. बाईंनी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितले की दिवसातून चार वेळा तास-तासभर तूही हे करायचे आहेस. गवंड्याच्या खरबरीत हातांत ते एवढेसे मूल पाहून मला भरून आले. सहा आठवड्यांनी ती साडेतीन किलोच्या पुढे गेली होती.

जन्मनोंदणीचे कामही केंद्राने अंगावर घेतले. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते, त्यानंतर विलंबाची प्रक्रिया सुरू होते, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक ठिकाणी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. आईच्या नावाचे स्पेलिंग कोणत्या कार्डाप्रमाणे लिहायचे यावर बाईंनी त्या दोघांना बसवून अर्धा तास खर्च केला, आणि मुलीच्या दाखल्यावरचे आईचे नाव आधारशी अक्षराअक्षराने जुळते आहे हे सही करण्यापूर्वी तीनदा वाचून घेतले.

गुणांकन करायचेच तर पाचपैकी चार देईन, आणि राखून ठेवलेला एक संध्याकाळच्या वेळेसाठी व दाराच्या कडीसाठी. केंद्राला देणगी म्हणून पैसे स्वीकारण्याची सोय नाही. जुनी मऊ सुती लुगडी, लहान बाळांची टोपडी आणि धुऊन वाळवलेले टॉवेल ते गुरुवारी घेतात. बांगला जाणणारी कोणी स्त्री सोलापुरात राहत असेल आणि रविवारचे दोन तास देऊ शकत असेल, तर तिने जरूर जावे. आमच्या बाईचे कुटुंब जानेवारीत पुण्याकडच्या कामावर निघाले आहे. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींच्या तारखा मोठ्या बाईंनी कार्डावर ठळक लिहून दिल्या आहेत, आणि त्याखाली स्वतःचा फोन नंबर, की तिथल्या खिडकीवर कोणी काही विचारलेच तर आधी मला लाव.